‘आमचं’ फेरिटिन

*माझा मुलगा साडेसतरा वर्षांचा आहे. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे अंगात पुरेसं रक्त तयार न होण्याचा जन्मजात आजार. सातव्या महिन्यात निदान झालं, तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी रक्त. इतकी वर्षं एकच डॉक्टर, एकच वॉर्ड, त्याच सिस्टर. आता अठरा पूर्ण झाले की मोठ्यांच्या विभागात जायचं, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. गेल्या महिन्यात तिथल्या मॅडमना पहिल्यांदा भेटलो. मी फाइल उघडली, तर त्या म्हणाल्या, ‘आई, तुम्ही जरा दहा मिनिटं बाहेर बसता का?’ सतरा वर्षांत मला कोणी बाहेर बसवलं नव्हतं. आतून आल्यावर मुलगा एक शब्द बोलला नाही.*

*त्याच आठवड्यात त्याच्या टेबलाच्या खणात चढवलेल्या रक्तातून साठणारं लोह बाहेर काढणाऱ्या गोळ्यांच्या न उघडलेल्या पट्ट्या सापडल्या. काही महिन्यांच्या तरी असतील. वर्षभरात आमचं फेरिटिन (अंगातल्या लोहाच्या साठ्याचा रक्तातला आकडा) १४०० वरून २८०० वर का गेलं, ते तेव्हा कळलं. मी खूप बोलले, तोही खूप बोलला. आता म्हणतो, पुढच्या वर्षी दुसऱ्या शहरात शिकायला जाणार. ज्याला स्वतःच्या गोळ्या घेता येत नाहीत त्याला कसं पाठवू? आणि ज्यांना आमचा काहीच इतिहास माहीत नाही त्यांच्या हाती कसं सोपवू? अठरानंतरही लहान मुलांच्या डॉक्टरांकडेच राहायची काही सोय नसते का? — एक आई*

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी थांबले. ‘आमचं फेरिटिन २८०० वर गेलं.’ तुमचं नाही गेलेलं. तुमचं माझ्यासारखंच शंभराच्या आत असेल.

रागावू नका. रक्ताच्या वॉर्डात समुपदेशक म्हणून मी बावीस वर्षं काढली, आणि तिथली जवळजवळ प्रत्येक आई असंच बोलते. ‘आमची तारीख गुरुवारी आहे.’ ‘आमची शीर पटकन मिळत नाही.’ ‘आम्हाला त्या गोळीने मळमळतं.’ या ‘आम्ही’मध्ये किती जागरणं आहेत ते मी पाहिलंय. चार महिन्यांच्या, सात महिन्यांच्या बाळाच्या वतीने कोणीतरी बोलायलाच हवं, म्हणून तो शब्द येतो. मग बाळ दहा वर्षांचं होतं, पंधरा वर्षांचं होतं, पण शब्द तोच राहतो. आजार मुलाचा, पण आजारपण सगळं आईने चालवलेलं. तारीख तिच्या डोक्यात, डोस तिच्या डोक्यात, भीतीही तिच्याच पोटात. मुलाच्या वाट्याला फक्त सुई.

आणि यात आमच्यासारख्यांचा हात मोठा आहे, हे आधी कबूल करते. मुलगा समोर बसलेला असताना मी कित्येक वर्षं आईलाच विचारत आले, ‘गोळ्या चालू आहेत ना?’ आई हो म्हणायची, मी टिक करायची. एकदा एक सोळा वर्षांची मुलगी एकटीच आली, आईला ताप होता म्हणून. मी तिला औषधाचं नाव विचारलं. ती म्हणाली, ‘पांढरी गोळी.’ ती हुशार मुलगी होती, शाळेत पहिली येणारी. तिला ते नाव माहीत असण्याची गरज आम्ही कधी पडूच दिली नव्हती.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्याला लटकलेलं आहे. लहान मुलांच्या डॉक्टरांकडेच राहता येईल का? थोडा काळ, हो. अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी दार बंद झालंच पाहिजे असं बहुतेक ठिकाणी नसतं. चांगले डॉक्टर तारीख मागेपुढे करतात, आणि तुमच्या बाबतीत ती थोडी पुढे ढकलावी असं मला वाटतं. त्यावर नंतर येते. पण कायमचं नाही. आणि तसं मागूही नका. तुमच्या मुलाच्या पुढच्या तीस-चाळीस वर्षांतले प्रश्न हे हृदयाचे, यकृताचे, साखरेचे, हाडांचे, नोकरी सांभाळून रक्त घेण्याचे, लग्नाचे, मुलंबाळं होण्याचे आहेत. त्यातला एकही प्रश्न बालरोगतज्ज्ञाच्या रोजच्या कामाचा नाही. पंचविसाव्या वर्षी रात्री दोन वाजता त्याच्या छातीत धडधडलं, तर त्याला मुलांच्या वॉर्डात घेणार नाहीत. तेव्हा दारातल्या डॉक्टरांनी त्याला ओळखलेलं असणं महत्त्वाचं.

तुमच्या तक्रारीत तथ्य आहे. मोठ्यांच्या विभागात हा आजार पुष्कळदा खरोखरच कमी ओळखीचा असतो. याचं कारण मात्र आनंदाचं आहे. थॉमस कूली या डॉक्टरांनी १९२५ साली या आजाराचं वर्णन केलं तेव्हा आणि त्यानंतरही बरीच वर्षं ही मुलं लहानपणीच जायची. नियमित रक्त मिळू लागल्यावर ती वाढू लागली, आणि मग त्या रक्तातल्या लोहामुळे किशोरवयात, विशीत हृदय बंद पडून जाऊ लागली. लोह काढणारं इंजेक्शन आलं. पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली सुई, कमरेला पंप, आठ ते बारा तास, आठवड्यातल्या पाच-सहा रात्री. त्यानंतर गोळ्या आल्या. मोठ्यांच्या डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनी थॅलेसेमिया मेजरचा रुग्ण पाहिला नाही, कारण तो त्यांच्यापर्यंत पोहोचेपर्यंत जगतच नव्हता. हीच गोष्ट सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांच्या आजाराची, ड्यूशेन या स्नायूंच्या आजाराची, जन्मजात चयापचयाच्या कित्येक आजारांची. तुमच्या मुलाची पिढी मोठ्यांच्या बाकावर येऊन बसलीय आणि बाक अजून थोडा अवघडलेला आहे.

हा पूल नीट बांधला नाही तर काय होतं? घाबरवण्यासाठी सांगत नाही, पण माहीत असावं. सिकलसेल या रक्ताच्याच दुसऱ्या जन्मजात आजाराच्या रुग्णांचा अमेरिकेतल्या डॅलसमधला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. लहान मुलं आता बहुतांशी वाचत होती. अलीकडचे मृत्यू मुख्यतः अठराच्या पुढच्यांचे होते, आणि तेही मोठ्यांच्या सेवेत गेल्यावर थोड्याच काळात. आजार तोच, शरीर तेच. मधली काही वर्षं निसरडी. तो काळ निसरडा होतो तो माणूस दोन विभागांच्या मधे हरवल्यामुळे. मी स्वतः एका मुलाला असं हरवू दिलंय. अठरा पूर्ण झाले म्हणून आम्ही त्याला दोन ओळींची चिठ्ठी दिली, पत्ता सांगितला, पाठीवर थाप मारली. तो तिथे गेला की नाही हे विचारायला कोणी फोन केला नाही. मीही नाही. पुन्हा दिसला तेव्हा सात महिने झाले होते. त्या काळात तो जमेल तिथे जमेल तेव्हा रक्त घेत होता, आणि लोह काढणारी गोळी त्याने बंद केली होती, कारण लिहून द्यायला कोणी नव्हतं.

म्हणून दोन्हीकडच्या डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: तो एखाद्या तारखेला आला नाही, तर फोन कोण करणार? नाव घेऊन सांगा म्हणावं. ब्रिटनमध्ये ‘नाइस’ या संस्थेने २०१६ साली या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात असं एक ठरलेलं माणूस असावं, आणि त्याने बदलाच्या आधी किमान सहा महिने आणि नंतर किमान सहा महिने मुलाची साथ करावी, असं म्हटलंय. तयारी मात्र तेराव्या-चौदाव्या वर्षापासून सुरू करावी असंही त्यात आहे. तुम्हाला साडेसतराव्या वर्षी एक तारीख सांगण्यात आली. उशीर झालाय, पण तो तुमच्यामुळे झालेला नाही.

आता त्या दहा मिनिटांबद्दल.

तुम्हाला अपमान वाटला हे मी समजू शकते. पण त्या मॅडमनी केलं ते बरोबर केलं, आणि माझ्या मते तुमच्या जुन्या डॉक्टरांनी ते पाच वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. साडेसतरा वर्षांच्या मुलाला आईसमोर न विचारता येणारे प्रश्न असतात. या आजारात तर फारच असतात. लोह मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत साठलं, की वयात येण्याचे संकेत तिथून सुटत नाहीत. वर्गातल्या मुलांना मिसरूड फुटते, आवाज फुटतो, उंची वाढते, आणि हा तसाच राहतो. तुमच्या पत्रात याबद्दल एक अक्षर नाही. कदाचित त्याचं सगळं वेळेवर झालं असेल. कदाचित तुम्ही लाजून लिहिलं नसेल. पण मी पाहिलेल्या मुलग्यांपैकी कितीतरी जण हा प्रश्न मनात घेऊन वर्षानुवर्षं गप्प बसले होते, आणि यावर उपचार असतात हेच त्यांना माहीत नव्हतं. असतात. संप्रेरकं (हॉर्मोन्स) देता येतात, आणि वेळ महत्त्वाची असते, कारण हाडांची वाढ थांबली की उंचीसाठी काही करता येत नाही. तेव्हा संप्रेरकांच्या तज्ज्ञांची एक भेट झाली नसेल तर ती आत्ता, बदलाच्या आधी, व्हायला हवी. ती भेट तो एकटा घेईल.

दुसरा प्रश्न: मला मुलं होतील का, आणि झाली तर त्यांना हेच होईल का? याचं उत्तर त्याला मोबाइलवर अर्धवट वाचून मिळण्यापेक्षा माणसाकडून मिळालेलं बरं. तुम्ही दोघंही वाहक, म्हणजे दोष अंगात असून स्वतः निरोगी, म्हणून प्रत्येक गर्भारपणात चारात एक अशी शक्यता होती आणि ती याच्या वाट्याला आली. तो स्वतः पुढच्या पिढीला एक सदोष जनुक नक्की देणार. जोडीदार वाहक नसेल तर मुलं सगळी वाहक होतील, आजारी कोणीच नाही. जोडीदार वाहक असेल तर प्रत्येक मुलाला मेजर असण्याची शक्यता निम्मी. सगळं जोडीदाराच्या एका रक्ततपासणीवर येऊन ठेपतं: हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी, त्यात ए-टू हा प्रकार वाढलाय का ते बघायचं. जोडीदाराला सिकल किंवा हिमोग्लोबिन ई हे हिमोग्लोबिनचे दुसरे दोष असतील तरी सल्ला लागतो. लोहामुळे संप्रेरकं कमी पडली असतील तर अनेकांना उपचारांनी मूल होऊ शकतं. हे सगळं तुम्हीच सांगायला हवं असं नाही. फक्त कोणीतरी सांगितलंय याची खात्री करा. (आणि हो, हे सांगताना बऱ्याच आया रडतात, कारण ‘आमच्यामुळे झालं’ हे वाक्य घशाशी आलेलं असतं. त्याच्यासमोर रडू आलं तर येऊ द्या. पण त्याने तुमची समजूत काढावी अशी वेळ आणू नका.)

आता खणातल्या पट्ट्या.

तुम्ही किती गोळ्या चुकल्या ते मोजलंत. का चुकल्या ते विचारलंत का? पत्रावरून वाटतं, भांडणात ते राहून गेलं. काही गोळ्यांनी पोट दुखतं, जुलाब होतात, मळमळ येते. काहींनी सांधे दुखतात. काही दिवसातून तीनदा घ्याव्या लागतात, म्हणजे मित्रांसमोर. यातल्या बहुतेक गोष्टींवर इलाज असतो. पाण्यात विरघळवायची गोळी नको असेल तर तेच औषध गिळायच्या गोळीत येतं, वेळ बदलता येते, औषध बदलता येतं, दोन औषधं जोडता येतात. पण ‘का’ माहीत नसेल तर डॉक्टर फक्त डोस वाढवतील. न घेतलेल्या गोळीचा डोस वाढवून फेरिटिन उतरत नाही, आणि उद्या त्याने धाक बसून अचानक सगळ्या घ्यायला सुरुवात केली तर तो वाढवलेला डोस त्रास देईल. म्हणून पट्ट्यांची गोष्ट डॉक्टरांना कळलीच पाहिजे. तीही त्याच्या तोंडून.

आणि एक कारण तर प्रत्येकाकडे असतं. गोळी चुकवली तर आज काहीच होत नाही. उद्याही नाही. रक्ताची तारीख चुकली तर चौथ्या आठवड्यात जिना चढताना कळतं. लोह मात्र वर्षानुवर्षं गुपचूप बसतं. त्याला हिशोब दाखवा, शपथा घालू नका. एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह. दर वेळी दोन पिशव्या धरल्या, वर्षाला सतरा वेळा, की झालं साधारण ७ ते साडेआठ ग्रॅम. निरोगी मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगात ३ ते ४ ग्रॅम लोह असतं. आणि ते बाहेर काढायला शरीराकडे वाटच नाही. रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम जातं तेवढंच. सतरा वर्षांच्या मुलाला ही बेरीज पटते. ‘तुला काही झालं तर मी काय करू’ हे ऐकून तो फक्त दार लावून घेतो.

त्याचबरोबर हृदयाच्या एमआरआयचा आकडा बघा. टी-टू-स्टार म्हणतात त्याला. फेरिटिन साध्या तापानेही वर जातं आणि कधीकधी फसवतं, हा आकडा थेट हृदयातल्या लोहाचा असतो. २० मिलिसेकंदांच्या वर असेल तर हृदय बरं आहे. त्याच्या खाली गेलं तर लोह शिरलंय. १० च्या खाली असेल तर तातडीने, जोरदार उपचार लागतात. इथे आकडा जितका मोठा तितकं चांगलं, फेरिटिनच्या उलट, आणि याचाच बऱ्याच घरांत गोंधळ होतो. तुमच्या पत्रात हा आकडा नाही. झाला नसेल तर बदलाच्या आधी करून घ्या. झाला असेल तर तो त्याला माहीत आहे का, ते विचारा. माझा अनुभव असा, की ज्या मुलांना त्यांचा स्वतःचा आकडा डॉक्टरांनी पडद्यावर दाखवून समजावला, ती मुलं गोळीशी थोडी वेगळी वागली. सगळी नव्हेत. पण बरीच.

एक मात्र मी ठामपणे सांगते. गोळ्या चुकवणं हा तो नालायक असल्याचा पुरावा नाही. दीर्घ आजार असलेली मुलं या वयात औषधांत ढिली पडतात, मग आजार थॅलेसेमिया असो की मधुमेह. तो आत्ता, तुमच्या घरात, त्याला बाळपणापासून ओळखणाऱ्या डॉक्टरांच्या नजरेसमोर चुकला, हे एका अर्थी बरं झालं. एकोणिसाव्या वर्षी परक्या खोलीत चुकला असता तर कोणी खण उघडला नसता. म्हणून पुढचे सहा-आठ महिने त्याला चुकायला जागा ठेवा. रोज रात्री गोळी हातावर ठेवणं बंद करा, पण उद्यापासून एकदम नाही. आधी पट्टी त्याच्याकडे, आणि तुम्ही रोज एकदा विचारणार. दोन महिन्यांनी रोजचा प्रश्न बंद, आठवड्यातून एकदा. नवीन औषध संपायच्या आठ दिवस आधी आणायचं कोणी? त्याने. पहिल्यांदा तो विसरेल. औषध संपेल, दोन दिवस चुकतील. तेव्हा धावत जाऊन आणू नका. दोन दिवसांनी काही बिघडत नाही, आणि त्या दोन दिवसांत तो जे शिकेल ते तुम्ही सतरा वर्षं सांगून शिकला नाही.

फक्त काही गोष्टींत चुकायला जागा नाही, आणि त्या त्याला पाठ हव्यात. तो दिवसातून तीनदा घ्यायचं औषध घेत असेल, म्हणजे डेफेरिप्रोन, आणि ताप आला किंवा घसा दुखला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजायच्या. ते औषध क्वचित त्या पेशी एकदम पाडतं. डेफेरासिरॉक्स चालू असताना जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं, तर मूत्रपिंडांसाठी थांबून डॉक्टरांना विचारायचं. आणि पाणथरी (प्लीहा) काढलेली असेल, हेही तुम्ही लिहिलेलं नाही, तर कुठलाही ताप घरी काढायचा नाही. रात्र असो, परीक्षा असो, सरळ रुग्णालय गाठायचं आणि दारातच सांगायचं: ‘माझी पाणथरी काढलेली आहे.’

आता ती फाइल. तुमची फाइल बहुधा दोन किलोची असेल. नवीन डॉक्टर ती वाचणार नाहीत. त्यांना वाईट समजू नका, कोणीच वाचणार नाही. त्यातून एक पान काढायचं आहे, आणि ते पान त्याने लिहायचं, तुम्ही नाही. एक रविवार घ्या. तो लिहील, तुम्ही फक्त विचारल्यावर उत्तर द्याल. निदान आणि जनुकातला नेमका दोष. रक्तगट, आणि नुसता ए-बी-ओ नव्हे, तर आरएच आणि केल गटांचा तपशील. दुसऱ्यांच्या रक्ताविरुद्ध अंगात कुठली प्रतिपिंडं तयार झाली असतील तर ती. रक्त चढवताना कधी थंडी वाजली, पुरळ आलं, ते कशाने थांबलं. रक्ताआधी हिमोग्लोबिन किती ठेवायचं ठरलंय. साधारणपणे साडेनऊ ते साडेदहा असतं, पण त्याचं किती? आजवरची लोह काढायची औषधं, डोस, कुठलं का सोडलं. काविळीच्या बी आणि सी विषाणूंच्या आणि एचआयव्हीच्या तपासण्या. लसी. थायरॉइड, साखर, ड जीवनसत्त्व, हाडांची घनता, हृदयाची सोनोग्राफी शेवटची कधी झाली.

यातलं सगळ्यात जास्त हरवतं ते रक्तगटाचं तपशीलवार कार्ड. ते हरवलं आणि अंगात प्रतिपिंडं असतील, तर नव्या शहरातल्या ब्लड बँकेत जुळणारी पिशवी मिळायला दिवस जातात. आधीच खूप रक्त घेतलेल्या माणसाचा हा तपशील नव्याने शोधणंही किचकट असतं, कारण नमुन्यात दुसऱ्यांच्या पेशी मिसळलेल्या असतात. त्या एका कार्डाचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये, कागद पाकिटात, आणि एक प्रत तुमच्याकडे.

पान लिहून झालं की त्याला ते तोंडी सांगायला लावा. एका मिनिटात. ‘मला बीटा थॅलेसेमिया मेजर आहे, दर तीन आठवड्यांनी दोन पिशव्या रक्त घेतो, लोहासाठी अमुक औषध इतकं, हृदयाचा टी-टू-स्टार इतका, मला अमुक औषधाची ॲलर्जी आहे.’ मधे तुमच्याकडे न बघता. हे त्याला जमलं, की तुमच्या ‘त्यांना आमचा इतिहास माहीत नाही’ या काळजीतली निम्मी गेली. इतिहास फाइलीत नसतो, सांगणाऱ्याच्या तोंडात असतो. आजवर ते तोंड तुमचं होतं.

शहर बदलण्याबद्दल: जाऊ द्या. पण दोन बदल एकाच महिन्यात नकोत. डॉक्टर बदलणं आणि घर सोडणं एकदम केलं तर काहीतरी निसटतंच. तारीख पुढे ढकलावी असं वर म्हटलं ते यासाठी, आणि फेरिटिन चढतीला असताना, गोळ्यांची घडी विस्कटलेली असताना हात बदलू नयेत यासाठीही. तुमच्या जुन्या डॉक्टरांना सांगा, अजून काही महिने द्या. त्या काळात तो नव्या मॅडमना एक-दोनदा भेटेल, पण उपचार जुनेच राहतील. जमलं तर एक भेट दोघांच्या समोर. मग कॉलेज निवडताना वसतिगृहाच्या आधी रक्ताचं केंद्र शोधा, आणि हे फोन त्याने करायचे: तुमच्याकडे मोठ्यांचं डे-केअर आहे का, शनिवारी रक्त मिळतं का, पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त असतं का, रक्त जुळवून बघायचा (क्रॉसमॅचचा) नमुना किती आधी द्यायचा. मॅडमच त्याला तिथल्या कोणाकडे पाठवत असतील तर फारच छान. तिथलं पहिलं रक्त तुमच्यासोबत. दुसऱ्या वेळी तुम्ही त्या शहरात असा, पण वॉर्डात नाही. खोलीतल्या एका मित्राला तरी आजार माहीत हवा. कोणाला सांगायचं ते तो ठरवेल.

जनुकोपचारांबद्दल तो वाचत असेलच. पहिला २०१९ साली युरोपात मंजूर झाला आणि २०२२ साली अमेरिकेत, जनुकात कात्री लावणारा दुसरा २०२३ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये. दोन्हींत आधी जोरदार केमो द्यावी लागते, आणि ते कोणाला झेपेल याचा विचार हृदय-यकृतातल्या लोहावरून होतो. भावंडाची अस्थिमज्जा जुळत असेल तर प्रत्यारोपणाचंही तेच. त्याने हा प्रश्न मॅडमना विचारला तर ‘भलत्या आशा नको’ म्हणून गप्प करू नका. ‘पुढे काय येईल ते येईल, त्या दिवसासाठी शरीर चांगलं ठेवायचं तर गोळी’ हे कारण कित्येक मुलांना माझ्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा जास्त पटलंय.

राहता राहिल्या तुम्ही. अठरानंतर त्याचे रिपोर्ट त्याचे असतील. डॉक्टर तुम्हाला फोनवर सांगणार नाहीत, आणि तेव्हा पुन्हा दुखेल. म्हणून आधीच त्याच्याशी करार करा: काय झालं तर मला कळवशील? तो म्हणेल, दवाखान्यात भरती झालो तर. तुम्ही म्हणाल, हिमोग्लोबिन आठच्या खाली गेलं तरी. कुठेतरी मधे जमवा. त्याच्या बाबांनाही या बोलण्यात बसवा. तुमच्या पत्रात ते कुठेच दिसले नाहीत.

पुढच्या तारखेला जाताना सोबत वाचायला काहीतरी न्या. मॅडमनी सांगायची वाट न बघता तुम्हीच बाहेर बसा. तो बाहेर आला की ‘काय म्हणाल्या?’ असं विचारू नका. घरी पोहोचेपर्यंत तरी नाही. कदाचित वाटेत सांगेल. नाही सांगितलं तर त्या दिवशी नाही.

आणि दोन-तीन महिन्यांनी फेरिटिनचा नवा आकडा आला की मला जरूर लिहा. फक्त आधी त्याला विचारा, कळवू का म्हणून.